‘पाहू’ म्हणणाऱ्या घरात काय थांबलं आहे?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. डिसेंबर २०२४ मध्ये नवं सरकार आलं तेव्हा तुम्ही जिल्हा दैनिकात नव्यानेच लागला होतात. संपादकांनी पहिल्याच आठवड्यात ग्रामीण जनतेच्या प्रतिक्रिया मागवल्या. तुम्ही चार गावं फिरलात. पारावरची माणसं ‘चांगलं होईल’ म्हणाली, दोघेतिघे ‘सगळे सारखेच’ म्हणाले आणि बाकी जवळजवळ सगळ्यांनी एकच शब्द दिला, ‘पाहू’. अंगणात कापूस वाळवत बसलेल्या एका मावशी तर ‘पाहू बाप्पा, का होते त’ एवढंच बोलल्या. कचेरीतून निरोप आला, यात प्रतिक्रिया कुठे आहे? आता तुम्ही विचारता आहात की नव्या सरकारच्या पहिल्या दिवसांत खेड्यातलं मन ओळखायचं तरी कसं.

मी १९९१ पासून यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून बातम्या पाठवतो. इतक्या वर्षांत मी शपथविधी बरेच पाहिले, आणि प्रत्येक वेळी तुमच्यासारखाच वही घेऊन फिरलो. माझं मत स्पष्ट आहे. ‘पाहू’ हीच त्या आठवड्यातली सगळ्यात भरीव प्रतिक्रिया होती. तुमच्या वहीत तिचा अर्धाच भाग आला. ‘पाहू’ म्हणणाऱ्या माणसाने घरात काहीतरी थांबवलेलं असतं. कापूस विकणं थांबवलेलं असतं, सोसायटीचा भरणा थांबवलेला असतो, कधी पोरीच्या लग्नाची बोलणी थांबवलेली असतात. काय थांबवलं आणि किती दिवस थांबायची ऐपत आहे, हे विचारलं की प्रतिक्रिया पूर्ण होते.

आधी महिना पाहा. २०१४ चा शपथविधी ३१ ऑक्टोबरला वानखेडेवर झाला, २०१९ चा २८ नोव्हेंबरला शिवाजी पार्कवर, २०२४ चा ५ डिसेंबरला आझाद मैदानावर. तिन्ही वेळा आपल्याकडे सोयाबीन मळून झालेलं, कापसाची पहिली-दुसरी वेचणी घरात पडलेली आणि तूर अजून वावरात उभी. कृषी केंद्रवाला उधारीसाठी फोन करत असतो. तहसीलमध्ये पैसेवारीचं, म्हणजे पीक किती आलं याच्या सरकारी अंदाजाचं, काम चालू असतं, कारण आपल्या विभागात अंतिम पैसेवारी ३१ डिसेंबरला जाहीर होते. मुंबईत मंत्री शपथ घेत असताना आपल्या कास्तकाराला वर्षातला सगळ्यात मोठा व्यवहार करायचा असतो. त्यामुळे ‘नवं सरकार कसं वाटतं’ या तुमच्या प्रश्नाचा त्याच्या डोक्यात लगेच दुसरा प्रश्न होतो, की माल आज काढू का थांबू?

२०२४ चं उदाहरण आकड्यांसह घ्या. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. बाजार समितीत भाव चार हजारांच्या आसपास घुटमळत होता, ओलं असलं तर त्याहूनही खाली. प्रचारात ६,००० रुपयांचा शब्द दिला गेला होता. मग ज्याच्याकडे वीस क्विंटल सोयाबीन आहे त्याच्यासाठी सरकार बदलणं म्हणजे चाळीस हजार रुपयांचा प्रश्न होता. तो पारावर तुमच्याशी काय बोलला याला मी फार किंमत देत नाही. त्याने सोयाबीन विकलं की पोत्यात ठेवलं, हे मला हवं. त्या दिवसांत नाफेडच्या हमीभाव खरेदी केंद्रांवर बारदाना संपलेला असायचा, ओलाव्याची अट १२ टक्क्यांवरून १५ पर्यंत सैल केली होती तरी माल परत जात होता, आणि खरेदीची मुदत वाढत वाढत ६ फेब्रुवारी २०२५ पर्यंत गेली. प्रत्येक मुदतवाढ म्हणजे थांबलेल्या घराला आणखी थोडी आशा आणि आणखी थोडं व्याज.

कापसाचं गणित निराळं आहे, कारण तिथे हमीभाव खरोखर मिळू शकत होता. लांब धाग्याला ७,५२१ रुपये होते आणि सीसीआय, म्हणजे केंद्राचं कापूस महामंडळ, खरेदी करत होती. तरीही त्याच महिन्यात गावोगाव खेडा खरेदीच्या, म्हणजे दारात येऊन कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्यांच्या, गाड्या भरून जात होत्या आणि त्यांचा भाव कमी होता. शहरातून आलेला माणूस म्हणेल, शेतकऱ्याला कळत नाही. त्याला पक्कं कळतं. सीसीआयचा चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, आधार जोडलेल्या खात्यात जमा होतो आणि थकीत कर्ज असलं की बँक ते पैसे अडवून ठेवेल ही धास्ती असते. व्यापारी रोख देतो. म्हणजे ज्या घराने कर्जमाफीच्या आशेने भरणा थांबवला, त्याच घराने कापूस कमी भावात व्यापाऱ्याला दिला. नव्या सरकारवरची ही प्रतिक्रिया कोणत्याही बातमीत आली नाही, कारण ती कोणी बोललं नाही, केली.

कर्जाबद्दल जरा थांबून लिहितो, कारण माझ्या मते पहिल्या दिवसांतला सगळ्यात मोठा परिणाम इथे होतो आणि आपण तो सगळ्यात कमी लिहितो.

महायुतीच्या जाहीरनाम्यात कर्जमाफी होती. २३ नोव्हेंबरला निकाल लागला तेव्हापासून गावात एक वाक्य फिरू लागलं, ‘आता भरू नका’. कोणी नेता हे माइकवर बोलला नाही. सोसायटीच्या ओट्यावर, खर्रा घोटता घोटता, एकमेकांना सांगितलं गेलं. पीककर्जाची रीत तुम्हाला माहीत असेलच. तीन लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत, म्हणजे आपल्याकडे साधारण ३१ मार्चपर्यंत भरलं, तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून व्याज शून्य होतं. भरलं नाही तर सवलत जाते, खातं थकीत होतं आणि जूनमध्ये नवं-जुनं होत नाही, म्हणजे जुनं फेडून नवं कर्ज मिळत नाही. पेरणीच्या तोंडावर मग खासगी सावकाराचं दार.

माझ्या ओळखीतले दोघे भाऊ, वाटणी झालेली, वावरं लागून. एकाने जानेवारीत कापूस विकून सोसायटी भरली. दुसरा थांबला. थांबणाऱ्याला मी मूर्ख मानत नाही, त्याच्याकडे अनुभव होता. २०१७ मध्ये दीड लाखापर्यंतची माफी आली ती थकीत खात्यांना. २०१९ च्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात दोन लाखांची माफी जाहीर झाली तीही थकीत खात्यांना. नियमित भरणाऱ्यांना प्रोत्साहन म्हणून पन्नास हजारांपर्यंत देण्याचं ठरलं, ते पैसे खात्यात पडायला ऑक्टोबर २०२२ उजाडला, तोवर मधे सरकारही बदललं होतं. दोन वेळा भरणारा मागे राहिला आणि थांबणारा सुटला. हे ज्याने पाहिलं, त्याने तिसऱ्यांदा थांबायचं ठरवलं तर त्यात नवल काय?

पुढे काय झालं ते तारखांनी सांगतो. १० मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात कर्जमाफी नव्हती. २८ मार्चला अर्थमंत्री अजित पवारांनी बारामतीत सांगितलं की ३१ मार्चच्या आत पीककर्जाचे पैसे भरा. तो शुक्रवार होता. रविवारी पाडवा, सोमवारी ईद आणि तीच ३१ तारीख. ज्याने चार महिने थांबून ठेवलं त्याला तीन दिवसांत दीड लाख कुठून आणायचे? त्या थांबलेल्या भावाने घरातली शेवटची तूर काढली, बायकोची पोत गहाण ठेवली, तरी रक्कम जुळली नाही. जूनमध्ये त्याला नवं कर्ज मिळालं नाही. त्याच महिन्यात गुरुकुंज मोझरीला बच्चू कडूंचं उपोषण झालं, ऑक्टोबर अखेरीस नागपुरात महामार्ग अडवला गेला आणि सरकारने ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ असं सांगितलं. आपल्या वर्तमानपत्रांनी त्या आंदोलनाला मोठी जागा दिली, ती द्यायलाच हवी होती. पण त्या गर्दीची सुरुवात डिसेंबरातल्या ‘पाहू’मध्ये होती आणि तेव्हा आपण शपथविधीच्या मांडवाचे फोटो छापत होतो. मीही छापत होतो. याचं मला वाईट वाटतं.

मग पारावर ‘चांगलं होईल’ का म्हणतात? याचं उत्तर मतमोजणीत आहे. निवडणूक आयोगाच्या नमुना २० मध्ये मतदान केंद्रनिहाय आकडे येतात. शहरातल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही, त्याचं मत हजारोंत मिसळून जातं. आपल्या नऊशे मतदारांच्या गावात एकच बूथ असतो. गावाने कोणाला किती मतं दिली हे निकालाच्या दिवशी दुपारीच उमेदवाराच्या माणसाच्या हातातल्या कागदावर असतं. त्यातही टोला, वस्ती, समाज यावरून कोणी कुठे दिलं याचा अंदाज लावणारे तरबेज लोक असतात. आणि गावाला आमदाराकडून काय हवं असतं? जळालेली डीपी (विजेचं रोहित्र) बदलून, पांदण रस्ता, घरकुलाच्या यादीत नाव, नाल्यावरचा रपटा. एका म्हाताऱ्या बाबांनी मला एकदा स्वच्छ सांगितलं, ‘आपल्या बूथवर किती पडले हे त्याईले मालूम हाये भाऊ, आता तुम्ही कायले बोलावता.’ त्या दिवसानंतर मी निकालाच्या पहिल्या पंधरा दिवसांत खेड्यातल्या माणसाचं नाव आणि फोटो छापून प्रतिकूल प्रतिक्रिया घेतलेली नाही. वय, पीक, किती एकर, एवढंच लिहितो. संपादक नाव मागतात, तेव्हा त्यांना हेच समजावून सांगा. समजावूनही ऐकलं नाही तर ती प्रतिक्रिया देऊ नका. बातमी तुमची एक दिवसाची असते, त्या माणसाला पाच वर्षं तिथेच राहायचं असतं.

जिंकलेल्या बाजूच्या गावातही माणूस मोकळा नसतो, हे लक्षात ठेवा. तिथे तक्रार करणं म्हणजे आपल्याच माणसाला उघडं पाडणं होतं. ‘आपला माणूस’ ही विदर्भात फार जिव्हाळ्याची गोष्ट आहे. कन्नमवार चंद्रपूरचे, वसंतराव आणि सुधाकरराव नाईक पुसदचे, फडणवीस नागपूरचे. वसंतरावांनी ५ डिसेंबर १९६३ ला शपथ घेतली होती आणि २०२४ चा शपथविधीही ५ डिसेंबरलाच झाला. पुसदकडच्या एका निवृत्त गुरुजींनी हे मला त्याच दिवशी फोन करून सांगितलं, आवाजात आनंद होता. हा आनंद खरा आहे, त्याला कमी लेखू नका. मात्र त्याच गुरुजींच्या मुलाने सोयाबीन विकलं होतं की नाही, हेही मी त्याच फोनवर विचारलं. नव्हतं विकलं.

आता बायांबद्दल. तुमच्या चार गावांच्या वहीत बाई म्हणून त्या मावशी एकट्याच आहेत असं तुम्ही लिहिलंत. डिसेंबरात सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच बाया वेचणीला असतात, पारावर त्या सापडणार कशा? धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, जा, दुपारी भाकरी सोडायच्या वेळेला. तिथे सरकार या शब्दाने सुरुवात करू नका. ‘लाडकी बहीणचे आले का?’ असं विचारा. त्या वेळी २४ डिसेंबरपासून दीड हजाराचा हप्ता जमा व्हायला लागला होता, आणि प्रचारातल्या २,१०० बद्दल बाया जे बोलत होत्या ते पुरुषांच्या बोलण्यापेक्षा कितीतरी नेमकं होतं. कोणाचं आधार कुठल्या खात्याला जोडलं आहे, कोणाचे पैसे दुसऱ्याच बँकेत गेले, कोणाच्या घरी चारचाकी आहे म्हणून आता नाव कटणार, हे सगळं त्यांना तोंडपाठ. मार्चच्या अर्थसंकल्पातही २,१०० आले नाहीत तेव्हा धुऱ्यावर आरडाओरडा झाला नाही. वाढीव सहाशे धरून भिशीत नाव टाकणाऱ्या एक-दोघींनी नाव काढून घेतलं. ही प्रतिक्रिया टिपायला भिशीची वही पाहावी लागते. मला ती एका बचतगटाच्या अध्यक्षबाईंनी दाखवली, कारण मी त्यांच्याकडे सहा महिने आधीपासून जात होतो.

कोणता निर्णय गावात कधी पोचतो याचीही एक रीत आहे, आणि ती कळली की प्रतिक्रिया केव्हा घ्यायच्या ते कळतं. मंत्रिमंडळात निर्णय होतो, मग शासन निर्णय निघतो, वित्त विभाग पैसे सोडतो, कलेक्टर कचेरीतून तहसीलला येतात, पटवारी यादी करतो, यादीत आधार आणि खातं जुळतं, केवायसीला अंगठा लागतो. ज्या निर्णयाला यादी लागते तो चार-सहा महिन्यांखाली गावात दिसत नाही. २०१९ च्या डिसेंबरातली माफी २४ फेब्रुवारी २०२० ला पहिल्यांदा यादीत दिसली आणि त्या यादीत अख्ख्या राज्यातली ६८ गावं होती. याउलट ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत झाली, तेव्हा यादीच नव्हती. कंडक्टरला आधार कार्ड दाखवायचं आणि बसायचं. आठवड्याभरात आमच्या स्टँडवर कधी न दिसणारी म्हातारी माणसं दिसायला लागली. कोणी माहूरला निघालेलं, कोणी लेकीच्या गावी, कोणी नुसतंच तालुक्याला येऊन चहा पिऊन परत. सरकारबद्दल तुमचं काय मत, असं मी एकालाही विचारलं नाही. बसमध्ये शेजारी बसलो आणि कुठे चाललात एवढंच विचारलं. तीन बातम्या मिळाल्या. त्याच एसटीचं भाडं जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्क्यांनी वाढलं, तेही दुसऱ्याच दिवशी गावात कळलं, कारण त्यालाही यादी लागत नाही.

२०२२ चं सरकार पावसाळ्यात आलं म्हणून त्या वेळी सगळं वेगळं होतं. ३० जूनला शिंदे आणि फडणवीस या दोघांचा शपथविधी झाला आणि ९ ऑगस्टपर्यंत मंत्रिमंडळ दोघांचंच होतं. जुलैत वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीत अतिवृष्टी झाली. वावरं खरडून गेली. त्या दिवसांत गावातला प्रश्न एकच होता, ‘आपला पालकमंत्री कोन?’ पालकमंत्र्यांची नावं २४ सप्टेंबरला आली. मुंबईत ती सत्तेची बातमी होती. इथे ती पंचनाम्याची बातमी होती, कारण पालकमंत्री नसला की जिल्हा नियोजनची बैठक होत नाही आणि पटवाऱ्याला धाक दाखवायला कोणाचं नाव घ्यावं हे लोकांना कळत नाही. ऑगस्टमध्ये मदत दुप्पट झाली, कोरडवाहूला हेक्टरी १३,६०० आणि मर्यादा दोनवरून तीन हेक्टर. त्या आकड्यावर गावात समाधान होतं. ते मी लिहिलं, आणि पैसे खात्यात केव्हा पडले तेही पुढे लिहिलं.

लोक आकडा विसरत नाहीत. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळीने सोयाबीनच्या गंज्यांना कोंब फुटले होते. नोव्हेंबरच्या मध्याला तर राज्यात सरकारच नव्हतं, राष्ट्रपती राजवट होती. राज्यपालांनी हेक्टरी ८,००० रुपये जाहीर केले. सत्तेबाहेर असलेल्यांनी २५,००० मागितले होते. मग तेच सत्तेत आले आणि पहिल्या दिवसापासून गावात २५,००० हा आकडा घेऊनच माणसं बोलू लागली. शेजारचं राज्यही ते मोजतात. वरूड-मोर्शीकडच्यांची सोयरीक मध्य प्रदेशातल्या मुलताई-पांढुर्ण्याला आहे. डिसेंबर २०१८ मध्ये तिकडे कमलनाथांनी शपथेच्या दिवशीच माफीच्या कागदावर सही केली, ती बातमी इथे टीव्हीच्या आधी व्याह्यांच्या फोनवरून आली. गोंदियाकडच्या धानवाल्यांचं छत्तीसगडमधल्या धानाच्या दराशी असंच आहे. सीमेवरच्या गावात गेलात तर ‘तिकडे काय मिळालं?’ हा प्रश्न जरूर विचारा.

पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, जाल तेव्हा मात्र वरचं फारसं लागू पडत नाही. कोलामांच्या पोडावर सरकार म्हणजे रेशन दुकान, जंगलाचा गार्ड आणि वनहक्काचा दावा. मुंबईत कोण बसलं याची चर्चा तिथे क्वचितच होते. ती तुटलेपणाची खूण आहे असं मानून बातमी रंगवू नका. गार्ड बदलला का, बैल जंगलात सोडू देतो का, हे विचारा.

सरकार बदलल्याचं गावाला आणखी एका गोष्टीने कळतं, ती म्हणजे बंद पडलेलं काम. थेट सरपंच २०१७ ला आला, २०२० ला गेला, जुलै २०२२ ला परत आला. जलयुक्त शिवार डिसेंबर २०१४ ला सुरू झालं, पुढच्या सरकारात बंद झालं, २०२२ च्या अखेरीस पुन्हा सुरू झालं. अर्धवट खोदलेला नाला, बोर्ड लागलेला पण रस्ता नसलेला रस्ता, मंजूर होऊन स्थगितीत अडकलेलं सभागृह, हे गावात नजरेसमोर असतं. पहिल्या महिन्यात ग्रामपंचायतीत जाऊन सचिवांना विचारा, कोणत्या कामाचा कागद थांबला? ते नाव न छापण्याच्या अटीवर सांगतात.

तुम्ही विचारलं नाहीत, पण झडत्यांबद्दल सांगतो. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे असतात तेव्हा म्हटल्या जाणाऱ्या झडत्या, ही लोककवनं, म्हणजे आपल्याकडच्या मताची खरी नोंद. तिथे पटवाऱ्यांपासून मंत्र्यांपर्यंत कोणाचीही गय होत नाही, आणि सगळ्यांसमोर म्हटलेलं असूनही ते कोणा एकाचं नसतं, म्हणून भीती नसते. २०२२ चा पोळा ऑगस्टच्या अखेरीला आला, सरकारला दोन महिनेही झाले नव्हते. त्या वर्षी मी तीन गावांतल्या झडत्या उतरवून घेतल्या. पारावर ज्यांनी मला ‘चांगलं होईल’ म्हटलं होतं तीच माणसं तिथे प्रत्येक झडतीनंतर ‘हर हर महादेव’चा गजर करत होती. सरकार हिवाळ्यात आलं असेल तर पोळ्यापर्यंत आठ-नऊ महिने वाट पाहावी लागते. पाहावी. झडत्यांची वही वेगळी ठेवा, वर्ष आणि गाव लिहून.

कामाची पद्धत म्हणून एवढं सांगेन. शपथविधीच्या दिवशी गावात जाऊच नका, त्या दिवशी गुलाल बोलतो आणि गुलाल कोणी आणला हे सगळ्यांना माहीत असतं. चार-पाच दिवसांनी, आठवडी बाजाराच्या दिवशी जा. सरपंचाच्या ओसरीवर बसून लोकांना बोलावून घेऊ नका. बाजार समितीत काट्याजवळ तासभर उभे राहा, मग सोसायटीत, मग कृषी केंद्रात. कृषी केंद्रवाल्याला उधारी किती फिटली ते विचारा, त्याच्याएवढा नेमका अंदाज कोणाला नसतो. घरात गेलात की कापसाची खोली पाहा, कोणी अडवत नाही. वहीत प्रत्येक वाक्यासमोर तारीख आणि त्या दिवसाचा भाव लिहा. सहा महिन्यांनी तोच माणूस ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ असं म्हणेल आणि तुमच्याकडे वेगळं लिहिलेलं असेल. त्यात तो खोटं बोलत नसतो. तेव्हाची आशा आठवणं त्याला जड जातं.

आणि त्याच घरांत पुन्हा जा. हे कोणी करत नाही. डिसेंबरात वीस घरं केलीत तर मार्चअखेरीस तीच वीस करा, जूनमध्ये पेरणीच्या आधी तीच करा. वीसपैकी सहा घरांनी दार उघडलं नाही तर तेही लिहा.

त्या मावशींपासून सुरुवात करा. त्या अंगणात कापूस वाळवत होत्या, म्हणजे तो ओला होता आणि सीसीआयच्या केंद्रावर ओलाव्याची कटती लागू नये म्हणून वाळवत होत्या. निदान ५ डिसेंबरच्या आठवड्यात तरी त्यांनी हमीभावाची वाट धरलेली होती, खेडा खरेदीवाल्याला दिलं नव्हतं. आता त्यांच्याकडे जाल तेव्हा तो कापूस कोणत्या तारखेला, कोणाला आणि कोणत्या भावात गेला ते विचारा. सोसायटीचं काय केलं तेही विचारा. चहा ठेवतील, घ्या. घाईने उठू नका.